क्यूबाला न गेलेले विमान

आम्ही लहान विमानाने क्यूबाला जाऊन आलो, अशी बातमी आमच्या मराठी मंडळात पसरली आहे. ती खोटी आहे. कोणी पसरवली याचा मला अंदाज आहे. नाव लिहीत नाही. टेक्सासमधून निघून फ्लोरिडाच्या शेवटच्या बेटापर्यंत गेलो, एवढे खरे. त्यापुढे का गेलो नाही, हे लोक आपापल्या परीने सांगू लागले आहेत. त्यापेक्षा मंडळाच्या अंकात मीच लिहिलेले बरे.

फ्रिस्को

बेत डॉ. नाडकर्णी याचा. तो निवृत्त सर्जन आहे. मंडळातल्या निम्म्या लोकांची पित्ताशये त्याने काढली आहेत, त्यामुळे त्याला कोणी प्रश्न विचारत नाही. आमच्या पिढीच्या मराठी माणसांची ही जुनी सवय आहे. डॉक्टर म्हणाले म्हणजे झाले, मग विषय औषधाचा असो, शेअर बाजाराचा असो की सत्यनारायणाच्या मुहूर्ताचा. नाडकर्णीकडे स्वतःचे चार आसनांचे, एका इंजिनाचे जुने विमान आहे. शेजारच्या गावातल्या विमानतळावर ते पत्र्याच्या शेडमध्ये असते.

मंडळ दरवर्षी वापरलेले चष्मे गोळा करून गरजूंना पाठवते. या वर्षी ते क्यूबातल्या एका गावच्या चर्चच्या दवाखान्याला द्यायचे ठरले. हे मायामीच्या जयवंत शिंदे या गृहस्थांनी सुचवले होते. ते त्या बेटावर लोकांना घेऊन जाण्याचा व्यवसाय करतात. नाडकर्णी म्हणाला, पोस्टाने कशाला, आपणच नेऊ. माझ्या विमानाने.

त्या बेटावर अमेरिकेने फार पूर्वीपासून व्यापारबंदी घातलेली आहे. मौजेसाठी तिथे जाता येत नाही. मात्र काही ठरावीक कारणांसाठी, उदाहरणार्थ तिथल्या सामान्य लोकांना साहाय्य करण्यासाठी, अर्ज न करताही जाता येते. अट एवढीच की काय केले त्याचे कागद सांभाळून ठेवावेत. हे नियम मी स्वतः वाचले. नोकरीत असताना मी तेलशुद्धीकरण कारखान्यांतल्या दाबाच्या टाक्या तपासत असे. दुसऱ्याने चांगला म्हटलेला सांधा पुन्हा पाहणे, हाच माझा व्यवसाय होता.

मला क्यूबा पाहण्याची इच्छा नव्हती. मी गेलो तो निखिलसाठी. निखिल माझ्या पुण्याच्या बहिणीचा मुलगा. डॅलसजवळच्या आमच्या फ्रिस्कोत सॉफ्टवेअरमध्ये आहे; हौसेने वैमानिकाचा परवाना मिळवला आहे. अनेक वर्षे रांगेत राहून त्याच्या ग्रीन कार्डचा अर्ज आता शेवटच्या टप्प्यावर आला आहे. बायको आहे, दोन मुली इथल्याच शाळेत आहेत. त्याच्या नावावर कायदेभंगाची एक नोंद झाली, तर चौघांना हा देश सोडावा लागू शकतो. नाडकर्णीचे प्रकृतीचे प्रमाणपत्र देशातल्या देशात चालते, बाहेर चालत नाही. त्यामुळे समुद्र ओलांडताना कागदोपत्री जबाबदार वैमानिक निखिल असणार होता. बहिणीचा फोन आला. ती म्हणाली, “दादा, तू बरोबर जा. तो नाही म्हणायला शिकलेलाच नाही.”

तयारी कशी असते ते लिहितो, कारण लोकांना वाटते की विमान असले की झाले. विमानाचा विमा त्या बेटावर चालत नाही. वेगळा काढावा लागतो. इथली बँकेची कार्डे तिथे चालत नाहीत. या जातीच्या इंजिनाला लागणारे पेट्रोल तिथे मिळेलच याची खात्री नसते, म्हणून परतीचे इंधनही इथूनच भरून न्यावे लागते. इंधन जास्त म्हणजे माणसे आणि सामान कमी. म्हणून सगळ्यांची वजने झाली. नाडकर्णी काट्यावर चढण्यापूर्वी बूट काढू लागला.

“विमानात अनवाणी बसणार आहेस का?” मी विचारले.

“बर्वे, तू रिटायर झालास ना? मग इन्स्पेक्शन बंद कर.”

तेव्हाच विचार करायला हवा होता.

समुद्रावर इंजिन बंद पडले तर काय करावे, याचा सराव आम्ही निखिलच्या सोसायटीच्या पोहण्याच्या तलावात केला. फुगवण्याचे पिवळे जाकीट घालून दोन म्हातारे उथळ पाण्यात उभे, आणि काठावर लहान मुले. निखिलची धाकटी मुलगी ओरडली, “आजोबा, यू लुक लाइक अ डक!” नाडकर्णीने तिला हात हलवून दाखवला. मी दोरी ओढली. माझे जाकीट फुगले नाही. दुसरे आणवले.

माझा संशय शिंद्यांवर होता.

“मामा, चिल. डॉक्टरकाकांनी सगळं चेक केलंय,” निखिल म्हणाला.

“कोणाकडे?”

“शिंद्यांकडे. ते कायम ग्रुप घेऊन जातात तिकडे.”

“आणि शिंदे कोण?”

“अरे, आपलाच माणूस आहे,” नाडकर्णी म्हणाला. “कोल्हापूरचा.”

कोल्हापूरचा असणे हा परवाना नव्हे, असे मी म्हणालो. दोघे हसले. मी विनोद केला नव्हता.

मी शिंद्यांना अनेकदा फोन केला. कार्यालय कुठे आहे, व्यवसायाची नोंदणी कोणत्या नावाने आहे, पूर्वी काय करत होता, कोणाला नेले होते, त्यांचे नंबर द्या. त्यांनी उत्तरे दिली. पण प्रवासाचे काही विचारू लागलो की एकच वाक्य येई: “ते डॉक्टरांना विचारा काका. त्यांच्याशी माझं सगळं बोलणं झालंय.” जो माणूस माहिती देण्याऐवजी दुसऱ्याचे नाव देतो, तो काहीतरी लपवतो, असा माझा अनुभव आहे. अनुभव खोटा नव्हता. माणूस चुकला.

लुईझियाना

निघालो तेव्हा आकाश स्वच्छ होते. पुढे नाडकर्णी आणि निखिल, मागे मी आणि चष्म्यांची खोकी. लहान विमानातून हा देश फार सपाट आणि फार रिकामा दिसतो. टेक्सासचा तपकिरी चौकटींचा प्रदेश संपला की लुईझियानात जमीन आणि पाणी यांतला फरक कळेनासा होतो.

इंधनासाठी एका लहान गावी उतरलो. विमानतळ म्हणजे एक खोली, एक कॉफीचे यंत्र, एक कुत्रा आणि खिडकीशी बसलेली एक स्थूल बाई. जेवायला गाव किती लांब, असे निखिलने विचारताच तिने भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट केले. तिथे मोटारीची किल्ली लटकत होती.

“घेऊन जा. येताना थोडं पेट्रोल टाका, झालं,” असे ती म्हणाली.

नाव विचारले नाही, ओळखपत्र मागितले नाही. मी परत जाऊन माझा वाहन परवाना तिच्या टेबलावर ठेवला. तिने तो उलटसुलट पाहिला आणि निखिलला विचारले, हे गृहस्थ मला हे का देत आहेत? नाडकर्णी म्हणाला, “बर्वे, लोक विश्वास ठेवतात रे कधीकधी.” अमेरिकेतल्या लहान विमानतळांवर ही पद्धत सर्वत्र आहे, हे मला नंतर कळले. विमानाने आलेला माणूस मोटार चोरत नाही, असे ते धरून चालतात. आपल्याकडे सायकल भाड्याने घेतानाही ओळखीचा माणूस लागत असे. मला आपली पद्धत अधिक शहाणपणाची वाटते.

ॲपलाचिकोला

फ्लोरिडाच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावरचे हे गाव कालवांसाठी प्रसिद्ध आहे. मी शाकाहारी असल्याने त्याबद्दल लिहू शकत नाही. मुक्काम करून सकाळी ग्रिट्स नावाचा पदार्थ खाल्ला. मक्याच्या कण्या, लोणी, मीठ. आपल्या तांदळाच्या कण्यांसारखाच, पण त्यात साखर घालावी की मीठ यावरून तिथे घरोघरी वाद असल्याचे वाढणाऱ्या मुलीने सांगितले. मी मीठ घेतले. पदार्थ चांगला होता.

नाडकर्णी त्या दिवशी फार बोलत होता. परतताना धक्क्यावर तो समुद्राकडे पाहत म्हणाला, “पुढच्या वर्षी हे सगळं बंद. डॉक्टर माझं हृदय बघून सही करणार नाही. मीही केली नसती.”

“मग?”

“मग काय? इतकी वर्षं उडवलं. डॅलसहून ओक्लाहोमा, ओक्लाहोमाहून डॅलस. एकदा देशाबाहेर उतरायचं होतं.”

चष्म्यांचा उल्लेख नव्हता. मी तो ऐकून घेतला आणि सोडून दिला, कारण माझे लक्ष शिंद्यांकडे लागलेले होते.

मायामी

संध्याकाळी शहराच्या पश्चिमेला, दलदलीच्या कडेच्या विमानतळावर उतरलो. शिंदे घ्यायला आले होते. चाळिशीचे, टक्कल पडू लागलेले, हातात दोन फोन. दोन फोन बाळगणारा माणूस मला आवडत नाही. त्यांच्या घरी जेवण होते. शिंदेवहिनींनी तांबडा रस्सा केला होता. माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात मटकी.

“काका, तिखट लागलं तर दही घ्या हं.”

“लागले नाही.”

“तर मग आमच्या ह्यांच्यासाठी घ्या. कोल्हापूरचं नाव सांगतात आणि रस्सा खाऊन घाम पुसतात,” त्या म्हणाल्या. शिंदे खरोखरच घाम पुसत होते. मग वहिनींनी सहज विचारले, “उद्या दुपारचंच ना हो तुमचं? म्हणजे डबा बारापर्यंत तयार ठेवते.”

शिंद्यांनी नाडकर्णीकडे पाहिले. “अगं, आधी वाढ तू,” ते म्हणाले.

नाडकर्णीने भाकरी मोडली. “सकाळी लवकरच निघू आम्ही,” तो म्हणाला. “वारा चांगला असतो.”

शिंद्यांनी ताटातून मान वर केली, पण तेवढ्यात एक फोन वाजला आणि ते उठून बाहेर गेले. निखिल वहिनींना मुलींचे फोटो दाखवत होता. त्याने काही ऐकले नाही. मी ऐकले. यजमानीण दुपार म्हणते, नाडकर्णी सकाळ म्हणतो आणि व्यवहार करणारा माणूस मधेच उठून जातो. मला खात्री पटली की शिंदे आम्हाला फसवत आहेत.

सकाळी उठलो तेव्हा निखिल आणि नाडकर्णी टॅक्सीने विमानतळावर गेले होते. इंधन भरून ठेवतो, तू खोकी घेऊन शिंद्यांबरोबर ये, असा नाडकर्णीचा निरोप वहिनींनी दिला. मी शिंद्यांच्या गाडीत बसलो. वाटेत त्यांनी एका क्यूबन उपाहारगृहाच्या खिडकीपाशी गाडी थांबवली. तिथे लोक आत जात नाहीत. पदपथावर उभे राहून खिडकीतून कॉफी घेतात. एका पेल्यात काळी, पाकासारखी गोड कॉफी येते आणि सोबत बोटाएवढे रिकामे पेले. एकाने विकत घ्यायची आणि भोवतीच्या सगळ्यांना वाटायची. शिंद्यांनी मला दिली, शेजारच्या दोन अनोळखी म्हाताऱ्यांना दिली. ते म्हातारे बेसबॉलवरून भांडत होते. भांडता भांडता त्यांनी पेले घेतले.

मी माझा पेला कट्ट्यावर ठेवला. “शिंदे, दुपारी काय आहे?”

“तुमचं फ्लाइट, काका. हवानाचं.”

“आमचे विमान सकाळीच निघते आहे.”

“कुठं?”

“हवानाला.”

“कुणाचं विमान?”

“नाडकर्णीचे.”

शिंद्यांनी उरलेली कॉफी त्या म्हाताऱ्यांच्या हातात दिली आणि खिशातून गाडीची किल्ली काढली.

“काका, डॉक्टरांचं विमान तिकडं जाऊच शकत नाही. तुम्ही जाऊ शकता, मी जाऊ शकतो, चष्मे जाऊ शकतात. विमान नाही. मी पहिल्याच फोनवर सांगितलंय त्यांना. ते म्हणाले, ठीक आहे, मायामीला विमान ठेवतो आणि तिथून साध्या फ्लाइटनं जातो. तिघांची तिकिटं काढलीत मी.”

गाडी चालवताना त्यांनी उरलेले सांगितले. माणसाची परवानगी एका खात्याची, विमानाची दुसऱ्याच खात्याची. विमान त्या मातीवर टेकले की कायद्याच्या दृष्टीने तो माल निर्यात झाला, मग ते संध्याकाळी परत का येईना. खासगी विमानाला तशी वेगळी लेखी परवानगी लागते, आणि सध्या ती मागणाऱ्याला बहुधा नकारच मिळतो. तिकडचे लोक उतरू देतील. इथल्या विमानतळाचा टॉवरही उडताना विचारणार नाही. विचारतात ते परत आल्यावर, आणि विचारतात वैमानिकाला.

“हे मला का सांगितले नाही? मी इतक्या वेळा फोन केला.”

“डॉक्टर म्हणाले होते, निखिलला वाटतंय स्वतःच्या विमानानं जायचंय, त्याचा हिरमोड होईल, मीच सांगतो त्याला, तुम्ही कुणाशी बोलू नका. आणि काका,” शिंद्यांचा आवाज प्रथमच चढला, “तुम्ही मला माझं ऑफिस विचारलंत, रजिस्ट्रेशन विचारलंत, जुनी नोकरी विचारलीत. विमानाबद्दल एकदा तरी विचारलंत?”

विचारले नव्हते. जन्मभर यंत्रे तपासली आणि या खेपेस माणूस तपासला, तोही दुसराच.

निखिल फोन उचलत नव्हता. विमानतळावर पोहोचलो तेव्हा तो पंख्यापाशी वाकून तेलाची पातळी पाहत होता. नाडकर्णी आत बसला होता.

“निखिल, बाजूला हो,” मी म्हणालो. मग शिंद्यांनी सांगितलेले सगळे जसेच्या तसे सांगितले.

निखिलने कापडाला हात पुसले. “डॉक्टरकाका, इज दॅट ट्रू?”

“टेक्निकल गोष्ट आहे रे. पूर्वी जायचे लोक. रूल बदलतात, पुन्हा बदलतील. कोण बघतंय दोन-चार दिवसांसाठी?”

“डॉक्टर, मी स्पष्ट सांगितलं होतं तुम्हाला,” शिंदे म्हणाले.

“तुम्ही थांबा हो जरा.” नाडकर्णी विमानातून उतरला. “निखिल, काही झालं असतं तर मी सांगितलं असतं त्यांना की विमान माझं आहे. जबाबदारी माझी.”

“पायलट म्हणून नाव कोणाचे दिले आहेस?” मी विचारले.

नाडकर्णी विमानाच्या पंखावर हात ठेवून उभा राहिला.

निखिलने आपली बॅग बाहेर काढली. “काका, तुम्ही मला विचारलं असतं ना, तर मी कदाचित हो म्हटलं असतं,” तो म्हणाला. “मला नाही म्हणता येत नाही कोणाला. ते तुम्हाला माहीत होतं. आणि घरी दोन मुली आहेत, हेपण माहीत होतं.”

अर्ज या टप्प्यावर असताना साध्या विमानानेही देशाबाहेर पाऊल ठेवायचे नाही, असे त्याने तिथेच ठरवले. मी हो म्हटले. शिंद्यांनी खोकी आपल्या गाडीत परत घेतली. दुपारी ते स्वतःच जाणार होते. त्यांनी खोकी मोजून घ्या म्हटले. मी मोजली नाहीत. त्यांची क्षमा मागायला हवी होती. ते शब्द मला नीट जमले नाहीत, पण वहिनींना मटकी चांगली झाली होती असे सांगा, एवढे म्हणालो. ते हसले. निखिलला डॅलसच्या विमानासाठी सोडायला ते घेऊन गेले.

की वेस्ट

उरलो आम्ही दोघे.

“मी एकटा नेतो परत. तू पण जा,” नाडकर्णी म्हणाला.

मी पुढच्या आसनावर, त्याच्या शेजारी बसलो.

“विमान चालवता येतं का तुला?”

“नाही.”

“मग?”

मी पट्टा लावला. खरे सांगायचे तर मला त्याच्यावर विश्वास नव्हता. एकट्याच्या हाती विमान, टाक्या परतीच्या इंधनासह काठोकाठ, आणि दक्षिणेला दीड-दोन तासांच्या अंतरावर ती जागा.

उडाल्यावर त्याने विचारले, “की वेस्टवरून वळून जाऊ? तेवढं चालतं कायद्यात.” मी मान डोलावली. खाली बेटांची माळ आणि तिला ओवणारा रस्ता, कितीतरी मैल पुलांवरून धावणारा. पाणी आधी हिरवे, मग निळे. की वेस्ट हे शेवटचे बेट. लाल छपरे, एक पांढरी आगबोट, आणि मग जमीन संपली.

त्यापुढे समुद्रावर एक हद्द आहे. आधी कळवल्याशिवाय ती ओलांडता येत नाही. नाडकर्णीच्या पुढ्यातल्या पडद्यावर ती रेषा दिसत होती आणि आमचे विमान तिच्याकडे सरकत होते. त्याने वळवले नाही. मी होकायंत्राकडे पाहिले. काटा दक्षिणेवर होता.

“नाडकर्णी.”

“दिसतंय मला.”

इंजिनाचा आवाज तसाच होता. समोर ढगांखाली एक राखाडी पट्टा होता; जमीन असेल, नसेल. रेषा जवळ आली. मी त्याच्या हातांकडे पाहिले. शस्त्रक्रियेचे हात, अजूनही न थरथरणारे. मग त्याने विमान डावीकडे कलते केले. समुद्र खिडकीत उभा राहिला, सूर्य मागे गेला आणि काटा हळूहळू उत्तरेला आला.

फ्लोरिडाचा किनारा पुन्हा दिसल्यावर तो म्हणाला, “निखिल बोलेल माझ्याशी?”

“मला माहीत नाही.”

“त्याला सांगशील?”

“काय सांगू?”

“की मी वळवलं.”

सांगेन, असे मी म्हणालो. फ्रिस्कोला पोहोचल्यावर निखिलच्या घरी जाऊन सांगितले. तो मुलींचे डबे भरत होता. “मामा,” तो म्हणाला, “वळवायचं की नाही हा त्यांना तिथेही प्रश्न पडला होता ना? मग झालं.” आणि त्याने डब्याचे झाकण लावले.

हे मी नाडकर्णीला सांगितलेले नाही. तो रोज विचारतो. मंडळाचा अंक मात्र तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो.